वाटीभर बेदाणे म्हणजे किती ग्रॅम?

सिंगापूरच्या बुकित तिमाहमधल्या ब्यूटी वर्ल्ड स्टेशनवर डाउनटाउन लाइनची गाडी पकडली की ती न बदलता लिटल इंडियाला पोहोचता येतं आणि मुस्तफा सेंटरमधून बेदाणे, बदाम, खजूर घेऊन परतता येतं. मेवा मिळण्याची अडचण नाही. गोंधळ ओट्यापाशी होतो, कारण पाकिटावर ग्रॅम असतात, आईच्या कृतीत वाट्या आणि विकतच्या पुस्तकात कप.

सगळ्यात पक्का गैरसमज असा की कप म्हणजे कप, कुठलाही घ्या. अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियाचा 250 चा. इथे घरोघरी दिसणाऱ्या राइस कुकरसोबत येणारा कप मात्र बहुधा जपानी मापाचा, 180 मिलिलिटरचा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात न दाबता भरलेला एक कप बेदाणे 145 ग्रॅम दिले आहेत. त्याच हिशेबाने कुकरच्या कपात 110 ग्रॅमच मावतील. केकमध्ये हा फरक सहज जाणवतो.

दुसरा गैरसमज यातूनच येतो: 250 मिलिलिटरचा कप, म्हणजे 250 ग्रॅम मेवा. हे समीकरण पाण्याचं आहे. मेव्याच्या दाण्यांमध्ये हवा असते. ती किती, हे दाण्याच्या आकारावर आणि भरणाऱ्या हातावर ठरतं. तेच बेदाणे दाबून भरले की अमेरिकी कपात 165 ग्रॅम बसतात. सिंगापूरच्या दमट हवेत उघडं राहिलेलं पाकीट असेल, तर बेदाणे चिकटून गोळा होतात आणि माप बदलतं.

‘चिरल्यावर कपात जास्त मावतं’ हेही सरसकट खरं नाही. अख्खे बदाम कपभर 143 ग्रॅम, पण त्यांचे पातळ काप फक्त 92 ग्रॅम. अक्रोडाचं उलट: अर्धुकं 100 ग्रॅम, तुकडे केले तर 117. म्हणून ‘एक वाटी बदामाचे काप’ आणि ‘एक वाटी बदाम, काप करून’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. खजूर बियांसकट मोजायचा की बिया काढून, बेदाणे भिजवण्याआधी की नंतर, हेही कृतीत लिहिलेलं हवं.

आता वाटीची बाजू. वाटी अशास्त्रीय आहे, हा आरोप मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे धान्यच मुळी शेर-पायलीने, म्हणजे आकारमानाने मोजलं जाई. डिंकाच्या लाडवात खारीक पूड, खोबऱ्याचा कीस, गूळ सगळं एकाच वाटीने घेतलं तर प्रमाण टिकतं, वाटी लहान असो वा मोठी. ते बिघडतं अर्धी कृती वाटीने आणि अर्धी पाकिटावरच्या ग्रॅमने केली की. शिगोशीग वाटी आणि सपाट वाटी यांतही बराच फरक पडतो, तेव्हा एकच पद्धत धरावी.

घरी वजनकाटा असेल तर मेवा ग्रॅममध्येच मोजा. आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर आईला तिची नेहमीची वाटी काट्यावर ठेवून, काटा शून्यावर आणून, काठोकाठ पाणी भरायला सांगा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलिलिटरची ती वाटी. तो आकडा कृतीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.