कुत्र्याचा आहार

चंद्रपूर जिल्ह्यातील मूल हा धानाचा मुलूख. येथे घरोघरी भात शिजतो आणि उरलेला भात राखणदार कुत्र्याच्या वाट्याला येतो. भाताने त्याचे पोट भरते. परंतु प्रत्येक वयात तेवढ्याने त्याचे पोषण होत नाही.

जन्मानंतर पहिले तीन-चार आठवडे आईचे दूध हेच पिलाचे अन्न होय. म्हणून त्या दिवसांत व्यालेल्या कुत्रीला एरवीपेक्षा अधिक खाऊ घालावे. पुढे पिलाची वाढ झपाट्याने होते. पण त्याचे पोट लहान असते. यास्तव मऊ भातात उकडलेले अंडे किंवा मांस कालवून, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यास दोन वेळचे जेवण पुरते. म्हातारपणी दात झिजतात, हालचाल मंदावते. तेव्हा अन्न मऊ व बेताचे असावे.

आपले कांदा-लसणाचे कालवण मात्र त्याच्या भातावर कधीही ओतू नये. कांद्याने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन ते आतड्यात रुततात.

मुलांनो, कुत्रा पुढे येईल ते विश्वासाने खातो. त्याच्यापुढे काय ठेवावे, हा विचार आपणच केला पाहिजे.