मागच्या सीटसाठी बांधलेली गाडी
(जपानी मोटारींची लेखमाला : लेखांक ६)

महायुद्धानंतर जपानी मोटार कंपन्यांनी परदेशी कंपन्यांचं बोट धरलं. निस्साननं ऑस्टिनचं, हिनोनं रेनोचं, इसुझूनं हिलमनचं. टोयोटानं मात्र स्वतःची गाडी स्वतःच घडवायचं ठरवलं आणि जानेवारी १९५५ मध्ये टोयोपेट क्राऊन रस्त्यावर आणली. काम केन्या नाकामुरा यांच्याकडे होतं. त्यांनी आधी टॅक्सीवाल्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, कारण त्या काळात गाडी विकत घेणारं गिऱ्हाईक मुख्यतः तेच होतं.

त्याची खूण दारांवर दिसते. पुढचं दार नेहमीसारखं, मागच्याच्या बिजागऱ्या मात्र मागच्या बाजूला. दोन्ही दारं उघडली की कपाटाच्या झडपांसारखी समोरासमोर उभी राहत आणि उतारूला अंग न चोरता मागच्या सीटवर बसता येई. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन होतं. ते टॅक्सीच्या मारापुढे टिकेल का, ही धाकधूक कंपनीलाच होती. म्हणून जोडीला जुन्या धाटणीची, दणकट ‘मास्टर’ही बाजारात उतरवली. क्राऊन टिकली, मास्टरचं उत्पादन १९५६ मध्येच थांबलं.

त्याच वर्षी ‘असाही शिंबुन’ या दैनिकाच्या पत्रकारांनी क्राऊन लंडनहून टोकियोपर्यंत चालवत आणली. प्रवास सुमारे ५०,००० किलोमीटरचा.

एवढ्या परीक्षेनंतर अमेरिका सोपी वाटली असेल, तर त्यात नवल नाही. १९५७ मध्ये दोन नमुना गाड्या कॅलिफोर्नियात उतरल्या. तिथल्या महामार्गावर मात्र दीड लिटरचं, ४८ अश्वशक्तीचं इंजिन सुमारे बाराशे किलोंचा भार ओढताना धापा टाकू लागलं. वेग वाढला की गाडी थरथरे, इंजिन तापे. जपानचे तेव्हाचे रस्ते बहुतांशी कच्चे, वेग बेताचा. तिथं जे मजबुतीचं वजन होतं, ते इथं ओझं ठरलं. १९६० च्या अखेरीस ही निर्यात काही काळ थांबवावी लागली. ही हार डिझाइनची नव्हती, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. गाडी ज्या रस्त्यासाठी बांधली होती, तो रस्ताच अमेरिकेत नव्हता.

दुसरी ठेच घरातच लागली. १९७१ च्या क्राऊनचे कोपरे घासून गोल केले होते आणि बंपरही बॉडीच्याच रंगाचे होते. लोकांनी तिला नाव दिलं ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा. आज संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. तेव्हा मात्र नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि निस्सानच्या सेड्रिक-ग्लोरिया जोडीनं बाजी मारली. १९७४ ची क्राऊन पुन्हा चौकोनी, सरळ रेघांची झाली.

त्यानंतर मात्र तिनं जपानी मध्यमवर्गाच्या मनात घर केलं. १९८३ च्या पिढीच्या जाहिरातीचा सूर होता, की कधीतरी आपल्याकडे क्राऊन असावी. ऐपत वाढेल तशी एकेक पायरी चढत माणूस शेवटी या गाडीपाशी येतो, हे त्यात गृहीत होतं. रस्त्यांची आठवणही सुटली नव्हती. जर्मन सेदान रुंद होत गेल्या, तरी जपानच्या चिंचोळ्या गल्ल्या आणि पार्किंग लक्षात घेऊन २०१८ च्या क्राऊनची रुंदीही १,८०० मिलिमीटरवरच रोखली होती.

ही मर्यादा २०२२ मध्ये सुटली. सोळाव्या पिढीत क्राऊन एकदम चार रूपांत जाहीर झाली, त्यात पहिली आली क्रॉसओव्हर. तीच जवळजवळ पन्नास वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेच्या शोरूममध्येही पोचली. पारंपरिक सेदान २०२३ मध्ये आली, हायब्रिड आणि हायड्रोजन अशा दोन प्रकारांत. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३,००० मिलिमीटर आहे, आणि त्या लांबीचा लाभ मिळतो तो मागच्या सीटवर बसणाऱ्याला.