लाईट आली, तरी मिलची मोटार आपोआप का सुरू होत नाही?

आज एकच साधा प्रश्न. घरातला पंखा चालू असताना लाईट गेली आणि परत आली, की पंखा आपोआप फिरायला लागतो. मग लातूरच्या डाळमिलमधली मोटार का फिरत नाही? तिथं कुणीतरी जाऊन हिरवं बटण पुन्हा दाबावंच लागतं. का बरं?

घरातलं बटण एकदा दाबलं की तिथंच राहतं. 230 व्होल्ट, 6 किंवा 16 अँपिअर, विषय संपला. मिलमध्ये मात्र थ्री-फेज, 415 व्होल्ट. मोठ्या मोटारीचा करंट बोटाच्या बटणातून न्यायचा नसतो, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर बसवतात. हिरवं बटण दाबलं की छोट्या कॉइलला वीज मिळते, तिचं चुंबक होतं, ते जाड कॉन्टॅक्ट खट्‌कन ओढून घेतं आणि मोटार सुरू होते. बोट काढलं की बटण वर येतं, पण मोटार चालूच राहते. कारण सोबत एक जास्तीचा छोटा कॉन्टॅक्टही जुळलेला असतो आणि तोच कॉइलला वीज देत राहतो.

आता लाईट गेली. चुंबक संपलं, सगळे कॉन्टॅक्ट सुटले. लाईट आली तरी छोटा कॉन्टॅक्ट उघडाच, म्हणून मोटार गप्प. हे मुद्दाम केलेलं आहे. समजा, लाईट गेली म्हणून कामगारानं अडकलेला पट्टा मोकळा करायला आत हात घातला. तेवढ्यात लाईट आली आणि पट्टा फिरला तर?

लाल बटणाचंही असंच. त्याचा कॉन्टॅक्ट कायम जुळलेला असतो, दाबल्यावर उघडतो. म्हणजे त्याची वायर उंदरानं कुरतडली तरी मशीन बंदच पडणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड लिहितानाही हेच बघतो: बिघाड झालाच तर सुरक्षित बाजूला व्हावा.

आता शेतात या. नांदेड असो की लातूर, मोटारीच्या पेटीत ऑटो स्विच बसवलेला दिसतोच. तो काय करतो? लाईट आली की आपल्या वतीनं हिरवं बटण दाबतो. शेतकऱ्याला नावं ठेवू नका. रात्री लाईट येणार असेल तर साप-विंचवाच्या अंधारात विहिरीवर कोण जाणार?

पण जरा हिशोब करू. 5 एचपीची मोटार चालताना साधारण 7 अँपिअर घेते, सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट, म्हणजे 42. एका 100 केव्हीएच्या डीपीवर अशा 15 मोटारी आहेत. सगळ्या चालू असतील तर 105 अँपिअर. डीपीची क्षमता सुमारे 139, म्हणजे निभावतं. पण लाईट येताच पंधराही ऑटोवर एकदम उठल्या तर? कागदावर 630 अँपिअर! व्होल्टेज पडतं, मोटारी नीट उचलत नाहीत, जास्त करंट ओढत राहतात. फ्यूज उडतो. त्या जागी कुणी जाड तार बांधली की पुढचा नंबर डीपीचा. ती जळाली की ऐन रब्बीत पंधराही जणांचं पाणी बंद. म्हणूनच महावितरण वारंवार सांगतं, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.

ऑटो लागतोच म्हणता? मग उशिरानं सुरू करणारा टायमर असलेला घ्या आणि शेजाऱ्यांशी बोलून वेळा वाटून घ्या. एकाचे 30 सेकंद, दुसऱ्याचे 60, तिसऱ्याचे 90. आणि विहिरीत उतरण्याआधी किंवा मोटारीला हात लावण्याआधी नुसतं लाल बटण दाबून भागत नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढा आणि खिशात ठेवा.

आज घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, "आपल्या मोटारीला ऑटो आहे का?" उत्तर हो आलं, तर हा भाग त्यांनाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात!