इंग्रजीचा पाया मराठींतच

इंग्रजीवांचून आजच्या संसाराचा गाडा चालत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांतूनहि पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. परंतु 'मुलास इंग्रजी यावी म्हणून घरांत मराठी बोलूं नका,' असा उपदेश सुशिक्षित कुटुंबांतहि होऊं लागला आहे, तो आम्हांस घातक वाटतो.

वर्गांत सारा जन्म घालविल्यावर आम्हांस असें दिसून आलें कीं, मुलांच्या चुकांसहि नियम असतो. 'मला तीन भाऊ आहेत' यावरून मूल 'टू मी थ्री ब्रदर्स आर' असें वाक्य जुळवितें. आपलें क्रियापद शेवटीं बसतें, इंग्रजींत तें कर्त्यालगत येतें. आणि जेथें आपण 'मला आहेत' म्हणतों तेथें इंग्रज 'आय हॅव' म्हणतो. दोन्ही वाक्यें फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडलीं कीं भेद तत्काळ ध्यानांत येतो. ज्यास मराठी वाक्याचा कर्ता ओळखतां येत नाहीं, त्यास तो कसा समजावा?

'ए' आणि 'द' यांचा बागुलबुवा तर सर्वांसच भिववितो. त्याची गुरुकिल्ली मात्र आजीच्या गोष्टींत आहे. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिला राजा अनोळखी, म्हणून 'ए किंग'. दुसऱ्या वाक्यांत तो परिचित झाला, म्हणून 'द किंग'.

उच्चाराचेंहि तसेंच. 'इन्द्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राचा वध करूं पाहणाराच मारला गेला, ही कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. इंग्रजींतहि आघातानें शब्द पालटतो. 'इम्पोर्ट' शब्दांत पहिल्या अवयवावर जोर दिल्यास नाम, दुसऱ्यावर दिल्यास क्रियापद. हें पुस्तक पाहून येत नाहीं. कानानेंच शिकावें लागतें.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, रोज सायंकाळीं घरांतील वडील माणसानें मुलास एक गोष्ट मराठींत सांगावी, तीच त्याच्याकडून मोडक्यातोडक्या इंग्रजींत वदवून घ्यावी, आणि चुकल्यास कोणीहि हसूं नये. हसण्याच्या धाकानें इंग्रजी ओठांवर येत नाहीं आणि बंदीमुळें मराठी आटते. असें मूल दोन्ही भाषांत मुकें होतें. मग आजीनें गोष्ट सांगावी तरी कोणास?