स्मारकलेखातील नाम आणि संख्या : कुलाब्याच्या अफगाण चर्चचा लेख

मुंबईत कुलाबा येथे असलेले संत योहानाचे चर्च लोकांत 'अफगाण चर्च' या नावानेच ओळखले जाते. १८३८ ते १८४२ या काळातील पहिले अफगाण युद्ध आणि त्यापाठोपाठची सिंधची मोहीम यांत मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधण्यात आले. त्याची कोनशिला १८४७ मध्ये बसविली गेली, १८५८ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले आणि मनोऱ्याचे शिखर १८६५ मध्ये पूर्ण झाले.

युद्धस्मारक म्हणजे सामान्यतः चर्चच्या आवारातील एखादा क्रूस किंवा स्तंभ. येथे मात्र संपूर्ण वास्तूच स्मारक आहे. हेन्री कॉनिबेअर याने गॉथिक शैलीत तिची रचना केली. तिचे सुमारे १९८ फूट उंचीचे शिखर समुद्रावरून येणाऱ्या जहाजांस दुरून दिसे. परंतु वास्तू कितीही भव्य असली तरी ती कोणाचे स्मरण करते, हे शिखर सांगू शकत नाही. ते सांगण्याचे कार्य लेखाचे. म्हणून त्या लेखाची भाषा बारकाईने पाहणे अगत्याचे ठरते.

लेखाचा आशय असा : ज्या अधिकाऱ्यांची नावे वेदीजवळच्या भिंतींवर कोरली आहेत त्यांच्या, आणि ज्यांची संख्या अशी नोंद करण्यास फार मोठी आहे त्या कनिष्ठ हुद्देदारांच्या व साध्या सैनिकांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले, कर्तव्याचे भान ठेवून ते रोगाने किंवा तलवारीने पडले.

या वाक्यात तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, 'रोग' हा शब्द 'तलवारी'च्या आधी येतो. मूळ इंग्रजीत या दोन शब्दांचा आरंभ एकाच ध्वनीने होत असल्यामुळे वाक्यास लय येते. परंतु हा क्रम मोहिमेच्या वस्तुस्थितीसही धरून आहे. दुसरी, अधिकाऱ्यांचा निर्देश विशेषनामांनी होतो, तर इतरांचा केवळ सामान्यनामाने. एकच वाक्य दोघांनाही कर्तव्यनिष्ठ म्हणते. गुण समान, नोंद मात्र असमान. तिसरी, तत्कालीन लष्करी इंग्रजीत देशी पायदळातील सैनिकास रूढ असलेला 'सिपॉय' हा शब्द लेखात नाही. या मोहिमांत मुंबई लष्कराच्या देशी पलटणी लढल्या होत्या. त्यांचा समावेश 'साध्या सैनिकां'त करावयाचा की नाही, हे वाचकाने ठरवावयाचे.

'संख्या फार मोठी' हे कारण कितपत खरे? १९२७ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे उभारलेल्या मेनिन द्वारावर ५४,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. तेव्हा अडचण दगडाची नव्हे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने हुद्द्याचा भेद न करता प्रत्येक मृताचे नाव नोंदविण्याचे तत्त्व स्वीकारले, ही कुलाब्याच्या वाक्यरचनेपासून झालेली मोठी फारकत होय.

तथापि ती सर्वत्र झाली नाही. १९२९ मध्ये अनावरण झालेल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली. त्यांच्या हाताखालील भारतीय सैनिक मात्र पलटणीगणिक आकड्यांनी दर्शविले गेले. कुलाब्याचेच वाक्य जणू येथे कोष्टकाच्या रूपाने पुन्हा लिहिले गेले. त्याच संस्थेने, आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने, २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे, नावाने स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे मान्य केले. यांतील बहुसंख्य पूर्व आफ्रिकी व ईजिप्शियन होते.

तात्पर्य, स्मारकलेखातील 'असंख्य' हे विशेषण मोजणीचा निष्कर्ष नसते. कोणाचे नाव लिहून ठेवावयाचे, हा निर्णय दगड घडविण्याच्या पुष्कळ आधी, पलटणीच्या दप्तरात झालेला असतो. कुलाब्याच्या लेखाने निदान नाव न लिहिलेल्यांचा उल्लेख तरी केला. त्यामुळे त्यांचा अभाव आजही वाचता येतो.