निर्दोष नाण्याचा शोध : क्योतोच्या बारा दरबारी नाण्यांचा मागोवा

इ.स. 708 ते 958 या अडीचशे वर्षांत जपानच्या राजदरबाराने एकामागून एक बारा प्रकारची तांब्याची नाणी काढली, आणि ‘कोचो जूनिसेन’ म्हणजे ‘दरबाराची बारा नाणी’ या नावाने ओळखला जाणारा हा संच पुरा करणे हे जपानी नाणेसंग्राहकांचे जुने ध्येय आहे. त्यातली अडचण केवळ दुर्मीळपणाची नाही. हाती आलेल्या नाण्याचा काठ अखंड असावा, अक्षरे वाचता यावीत आणि त्याचा पृष्ठभाग गंजाने, घासण्याने किंवा रसायनाने बिघडलेला नसावा, ही अट त्याहून अवघड ठरते. अमेरिकेच्या 1793 पासूनच्या मोठ्या तांब्याच्या सेंटांबाबतही हीच स्थिती असून, विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये 1 ते 70 अशी दर्जाची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली ती मुळात त्याच सेंटांसाठी होती. मात्र ते सेंट ठशांच्या दाबाने पाडलेले होते, तर जपानी नाणी साच्यात ओतलेली; त्यामुळे येथे दोष टांकसाळीतला आहे की नंतरचा, हे आधी ठरवावे लागते.

पहिले नाणे, ‘वाडो कैचिन’, 708 मध्ये मुसाशी प्रांतात शुद्ध तांबे सापडल्यानंतर निघाले. ते ओतणाऱ्या टांकसाळींपैकी एक यामाशिरो प्रांतात, आजच्या क्योतो विभागातील किझुगावा शहराच्या झेझु भागात होती, आणि तेथे धातू वितळवण्याच्या मुशी व भात्यांच्या तोट्या उत्खननात मिळाल्या आहेत. सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचे, मध्ये चौकोनी भोक असलेले हे नाणे कारागिरीच्या दृष्टीने नीटस आहे. राजधानी 794 मध्ये हेइआन म्हणजे आजच्या क्योतोत आल्यावर दोनच वर्षांत ‘र्‍यूहेइ एइहो’ निघाले, आणि एका नव्या नाण्याला दहा जुनी असा दर सरकारने लावला. हाच दर पुढेही बहुतेक वेळा लावला गेल्याने दरबाराला तात्पुरता नफा झाला, पण लोकांचा विश्वास उडाला. शिवाय तांबे अपुरे पडू लागल्याने नाणी लहान होत गेली, त्यांतील शिसे वाढत गेले, आणि 958 चे शेवटचे ‘केंगेन ताइहो’ कित्येकदा तांब्याचे म्हणण्यापेक्षा शिशाचेच म्हणावे असे निघाले.

या घसरणीची सर्वांत बोलकी नोंद ‘जोगान एइहो’ या 870 च्या नाण्याविषयीची आहे. अवघ्या दोन वर्षांनी, 872 मध्ये, दरबारी इतिहासग्रंथ ‘निहोन सांदाइ जित्सुरोकु’ तक्रार नोंदवतो की नव्या नाण्यांची अक्षरे फुटलेली आहेत, काठ पूर्ण नाहीत आणि बाजारात लोक त्यांतली बरीचशी नाकारतात. त्याआधी 865 मध्येच राजधानी व आसपासच्या प्रांतांत खराब नाणी वेगळी काढण्यास बंदी घालावी लागली होती. तेव्हा अकराशे वर्षांपूर्वीच्या क्योतोकरांना जे नाणे ओतल्याबरोबर सदोष वाटले, त्याचा आदर्श नमुना आज मागणे कितपत न्याय्य, हा प्रश्न पडतो. जोगान नाण्याचा अपुरा काठ पाहून तो वापराने झिजला असे मानणारा संग्राहक टांकसाळीचा दोष वापराच्या माथी मारतो.

दहाव्या शतकाअखेर दरबारी नाण्यांचे चलन बंद पडले आणि बाराव्या शतकापासून चीनची सोंग व नंतर मिंग नाणी क्योतोच्या बाजारात फिरू लागली. त्यांतून चांगली निवडून वाईट परत करण्याची प्रथा, ‘एरिझेनी’, इतकी बळावली की त्या वेळचा सत्ताधीश ओदा नोबुनागा याने 1569 मध्ये दोषांचा दरच ठरवून दिला : जळलेली नाणी दोनास एक, मोठा तुकडा उडालेली, तडकलेली वा घासलेली पाचास एक, ठोकून चपटी केलेली दहास एक. मराठी सराफांच्या बट्ट्याची आठवण करून देणारा हा तक्ता म्हणजे एका अर्थाने दर्जानिश्चितीचेच पत्रक, आणि तेही शेल्डन यांच्या पावणेचारशे वर्षे आधीचे.

आज उपलब्ध असलेली दरबारी नाणी बहुतांशी जमिनीतून आली आहेत. इमारतीची पायाभरणी करताना भूमिशांतीसाठी नाणी पुरण्याची प्रथा होती, आणि मडक्यात बंद राहिलेली नाणी मोकळ्या मातीत पडलेल्यांपेक्षा बरी टिकतात. तांब्यावर बसणारा गुळगुळीत, घट्ट हिरवा-तपकिरी थर हा दोष नव्हे. तो खालच्या धातूचे रक्षण करतो. फिकट हिरवी भुकटी मात्र क्लोराइडमुळे चालू असलेल्या गंजाची खूण असून ती दुर्लक्षिल्यास नाणे पोखरले जाते. त्याहून वाईट, हौसेने घासून चकचकीत केलेले नाणे : गंज थोपवता येतो, पण गेलेला थर परत येत नाही.

संग्रहाची हौस वाढली तशी नकलाही वाढल्या. एदो काळात तानबा प्रांतातील फुकुचियामाचा, म्हणजे आजच्या क्योतो विभागातील, सरदार कुत्सुकी मासात्सुना (1750–1802) याने नाण्यांवर ग्रंथ लिहिले आणि देजिमाच्या डच वखारीचा प्रमुख इसाक टिट्सिंग याच्याशी मैत्री राखून परदेशी नाणीही मिळवली. त्याच्या संग्रहातील काही भाग पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. अशा हौशी ग्राहकांच्या भरवशावर नकली नाण्यांचे ओतकाम चाले, म्हणून बारांपैकी सर्वांत दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या 859 च्या ‘न्योएकि शिनपो’चा अक्षरन् अक्षर ठसठशीत नमुना समोर आला, तर जाणकार आनंदण्याऐवजी आधी शंका घेतात.

याउलट 1708 मध्ये क्योतोतच ओतलेले ‘होएइ त्सूहो’ हे दहा मोन (तेव्हाचे चलनाचे एकक) किमतीचे मोठे नाणे लोकांनी झिडकारले आणि पुढच्याच वर्षी ते मागे घेतले गेले. फारसे न फिरल्यामुळे ते आजही चांगल्या स्थितीत आणि माफक किमतीत मिळते.