धाब्यावरचा मनुष्य आणि जळते घर

ख्रिस्ती धर्मग्रंथातील मार्ककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशूचा एक उपदेश आहे. संकट आले असता जो धाब्यावर असेल त्याने वस्तू घेण्यासाठी घरात शिरू नये आणि जो शेतात असेल त्याने वस्त्रासाठी मागे फिरू नये, असा त्याचा आशय. यातून पुष्कळदा सर्वस्वत्यागाचा सार्वकालिक नियम काढला जातो. तो कितपत युक्त आहे, हे संदर्भावरूनच ठरविले पाहिजे.

पॅलेस्टाईनमधील घरांचे धाबे सपाट असे व त्यावर जाण्याचा जिना पुष्कळदा बाहेरून असे. म्हणून धाब्यावरील मनुष्य घरात न शिरता थेट पळू शके. यहूदीयातील लोकांनी डोंगरांकडे पळावे, असे हे वचन सांगते. इ. स. ६६ मध्ये रोमन सत्तेविरुद्ध यहुद्यांचे बंड सुरू झाले व इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले. हा ग्रंथ त्याच सुमाराचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

येथील 'वस्त्र' ही चैनीची वस्तू नव्हे. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण त्याला दुसरे पांघरूण नसते, असा नियम 'निर्गम' ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात आहे. म्हणजे गरिबाला त्याचे एकमेव पांघरूणही सोडण्यास सांगितले आहे. पुढच्याच वचनात गरोदर स्त्रिया व तान्ह्या मुलांच्या माता यांच्याविषयी कळवळा आहे. तेव्हा येथे दारिद्र्याचा गौरव नाही, प्राणरक्षणाची निकड आहे.

संयुत्तनिकायाच्या देवतासंयुत्तातील आदित्तसुत्तात अशीच प्रतिमा येते. घर पेटले असता जे भांडे बाहेर काढले तेच उपयोगी पडते, जे आत राहिले ते जळते. जग जरामरणाने पेटले आहे, म्हणून दानाने बाहेर काढावे, असे देवता भगवंतांसमोर म्हणते. मार्कच्या वचनात काहीच घ्यावयाचे नाही. येथे मात्र जे दिले तेच वाचले. भेद मोठा आहे. परंतु 'मग पाहू' ही वृत्ती दोन्हीकडे घातक ठरते. तिच्याविरुद्धचा पालि शब्द म्हणजे अप्पमाद.

धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातील लेखात प्रतिपादिले. ज्यांच्याजवळ सोडण्यासारखे काही उरूच दिले गेले नाही, त्यांना त्यागाचा उपदेश ऐकविणे हा अन्याय होय. परंतु संचयाच्या मोहाने विलंब करणाऱ्यास हे वचन आजही लागू आहे. परधर्मीयांचे वचनही आपण त्याच्या संदर्भासह वाचावे. आपल्या धम्मवचनांसाठी आपली अपेक्षा तीच असते.